ड तुकडीचे डॉक्टर

आमची पहिली भेट झाली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या पानात मीठ वाढलं नाही.

हिंगोलीला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली होती आणि पत्रावळीच्या कोपऱ्यात मीठ वाढत एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ ओळीतून पुढे सरकत होते. माझ्या शेजाऱ्याला त्यांनी चिमूटभर मीठ वाढलं. माझ्यापाशी थबकले, पानाकडे न बघता मांडी घातलेल्या माझ्या पायांकडे बघितलं आणि मला ओलांडून पुढच्याला वाढू लागले. मला वाटलं, चुकून राहिलं असेल.

"अहो, मीठ!" मी हाक मारली.

ते परत आले. मिठाची वाटी डाव्या हातात धरून माझ्यासमोर उकिडवे बसले आणि उजव्या हाताचा अंगठा माझ्या नडगीवर दाबून धरला. भर पंगतीत! मनाशी काहीतरी मोजलं. अंगठा काढला तेव्हा तिथे बोराएवढा खड्डा पडला होता आणि तो काही केल्या भरून येईना.

"कुठले तुमी?"

"हट्ट्याचा. हायस्कूलला गणित शिकवतो."

"मंग तेराचा पाढा येत असंल. उद्या सकाळी दवाखान्यात या अन् एका दमात म्हणून दाखवा." एवढं बोलून त्यांनी माझ्या पानातला पापड उचलला, लोणच्याची फोड उचलली आणि दोन्ही घेऊन चालते झाले.

मी कडक मास्तर म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होतो. माझ्या चपलांचा आवाज आला की अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. अशा माणसाच्या पानातून कुणी पापड उचलून नेतो म्हणजे काय! मी भांडायला उठणारच होतो, तेवढ्यात शेजारचे गृहस्थ कानाशी लागले. "सर, रागावू नगा. डॉक्टर हायत ते. ज्याला मीठ वाढत न्हाईत, त्याला दवाखान्याचं आवतण असतंय. जाऊन याच."

नंतर कळलं, की हिंगोलीतल्या कुठल्याही लग्नात मीठ वाढण्याचं काम डॉक्टर मागून घेत. त्या निमित्ताने त्यांना गावभरच्या पायांवरून नजर फिरवता येई. माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती चेहऱ्याने नव्हे, पायांनी. रस्त्यात नमस्कार केला तर ते आधी खाली बघत आणि मग ओळख पटल्यासारखं हसत.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तो खरं तर भांडायलाच. पण दारातच एक लोखंडी वजनकाटा होता. मोंढ्यातल्या एका अडतीवर त्यावर हळदीची पोती मोजत असत. तो जुना झाला तेव्हा डॉक्टरांनी तो मागून आणला आणि दवाखान्याच्या उंबऱ्यालाच लावला. त्यावर पाय दिल्याशिवाय आत जाताच येत नसे. पेशंट, पेशंटचे नातेवाईक, औषध कंपन्यांची माणसं, पोस्टमन, सगळे तोलून आत. मीही तोलला गेलो आणि डॉक्टरांसमोर उभा राहून तेराचा पाढा सुरू केला. हा पाढा मी झोपेत म्हणू शकतो. पण तेरा पंचे पासष्ट म्हटलं आणि छातीतली हवाच संपली. तेरा सक म्हणायला मला थांबून श्वास घ्यावा लागला.

"पाचावर दम गेला," डॉक्टर म्हणाले. "रात्री किती उशा घेता?"

तीन घेत होतो. दोन महिन्यांमागे एक लांबलेला ताप येऊन गेला होता आणि तेव्हापासून फळ्यावर लिहिता लिहिता बोलणं मला जमत नव्हतं. खडूच्या धुळीने होत असेल, अशी मी माझी समजूत घातली होती. बायकोने दहादा सांगूनही मी डॉक्टरकडे गेलो नव्हतो. बेचाळीस वर्षांचा होतो. मुलगी सातवीत होती.

डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं. चित्रकला अगदीच बेतास बात, वांगं वाटावं असं. तापाने या वांग्याचं मांस सैल पडलंय, ते फुगलंय आणि रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय, असं त्यांनी सांगितलं. किती कमी पडतंय ते नीट मोजायला हैदराबादला जाऊन 'मुगा' करून यायला हवं. थोडं रक्त काढतात, त्यात किंचित किरणोत्सारी औषध मिसळतात आणि तेच रक्त परत शिरेत सोडतात. मग माणसाला एका मोठ्या कॅमेऱ्याखाली निजवतात. हृदयात भरलेल्या रक्तातलं दर ठोक्याला शंभरातलं किती बाहेर पडतं, ते तो कॅमेरा मोजतो.

"म्हणजे मार्क," मी म्हणालो.

डॉक्टर खूश झाले. "बराबर! पर शंभरपैकी शंभर कुणालाच न्हाईत. साठ-पासष्ट म्हंजे पहिल्या बाकावरचं पोरगं. पस्तीसच्या खाली गेला की धोका जास्त. तो माझ्या ड तुकडीत."

आमची ही सोबत होती. तिने विचारलं, "मुगाची कसली वो तपासणी?" आणि लगेच दुसरं, जास्त काळजीचं, "अन् ते किरण म्हंजे अणूचे का? वाळवंटात बाँब उडवला त्येच?"

"त्येच, वैनी. पर हे पाळलेले हायत, चावत न्हाईत," डॉक्टर म्हणाले. "अन् मुगा म्हंजे काय, तर कॅमेऱ्याखाली मूग गिळून गप पडायचं. हलायचं न्हाई. मास्तरला तेवढंच अवघड जाईल बघा."

पाळलेले असोत नाहीतर रानटी, मला सत्तावीस मार्क पडले.

हैदराबादच्या त्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून मी तो इंग्रजी रिपोर्ट वाचला. वीस वर्षं मी पोरांच्या हातात निकाल दिले होते. नापास पोरगं प्रगतिपुस्तक उलटंसुलटं करून का बघतं, दुसऱ्या बाजूला जास्त मार्क लिहिलेले नसतात हे त्याला कळत कसं नाही, म्हणून मी हसायचो. त्या बाकावर मी रिपोर्टची मागची बाजू दोनदा बघितली.

तिथूनच मी शाळेत फोन लावला. हार्ट फेल्युअर निघालंय, रजा वाढवा, एवढंच बोललो आणि लाइन तुटली. आता आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' याचा अर्थ एकच होतो. क्लार्कने जेवढं ऐकू आलं तेवढं मुख्याध्यापकांना सांगितलं. बोलणारा कोण होता, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं हट्ट्याच्या फाट्यावर एसटीतून उतरलो, तर पानटपरीवाला मला बघून चार पावलं मागे सरकला. शाळेत गेलो. व्हरांड्याच्या पायऱ्या चढून सभागृहाच्या दाराशी पोचलो तर आत टेबलावर हार घातलेला माझा फोटो होता आणि एक सहकारी बोलत होते, "सर वरून कडक होते, पण आतून लोण्यासारखे होते." हे धादांत खोटं होतं. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मीही दारात स्तब्धच उभा राहिलो, कारण पायऱ्या चढून मला दम लागला होता आणि शब्द फुटत नव्हता.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसून झाल्यावर एकदम गंभीर झाले. "ह्या एका शब्दानं माणसं जिती असून मरतात मास्तर. माझ्या दवाखान्यात फेल म्हणायचं न्हाई. एटीकेटी म्हणा. दोन-चार विषय राह्यलेत, पर पुढच्या वर्गात बसायला परवानगी हाय."

त्यानंतर त्या दवाखान्यात कुणाला हार्ट फेल्युअर झालंच नाही. सगळ्यांना एटीकेटी लागली.

मी मात्र ज्या प्रश्नासाठी गेलो होतो तो विचारलाच. "डॉक्टर, किती दिवस?"

"बघू," ते म्हणाले.

टेबलावर शाळेत असतो तसला हजेरीपट होता. त्यात माझं नाव, गाव, मार्क, वजन आणि 'पाढा : पाच' असं लिहून झाल्यावर त्यांनी अगदी शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, तो रकाना आत दुमडला आणि टाचणी लावली.

"तिथं काय लिहिलंत?"

"ते तुमच्या अभ्यासक्रमात न्हाई."

ड तुकडीचा वर्ग बुधवारी भरायचा. दवाखान्याच्या मागे पत्र्याचं शेड होतं, तिथे दोन बाकं आणि एक सतरंजी. पस्तीसच्या खालचे आम्ही दहा-बारा जण. डॉक्टर हजेरी घेत. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, काट्यावर उभं राहायचं, मग पाय पुढे करायचे आणि मग एका दमात पाढा. आठवड्यात वजन दीड-दोन किलो वाढलं तर ते अंगावर धरलेलं पाणी, हे आम्हाला पहिल्याच दिवशी घोकून घ्यावं लागलं. वजन वाढलेल्याचा डबा उघडून तपासला जाई. त्यात चटणी सापडली तर तिचा उद्धार सगळ्या वर्गासमोर होई.

पाढे सगळ्यांना कुठून येणार? कनेरगाव नाक्याच्या एक आजी होत्या, त्या जात्यावरची ओवी म्हणत. एका दमात किती ओळी होतात ते डॉक्टर बोटांवर मोजत. तांड्यावरचे एक नाईकबापू होते. त्यांच्या आज्याने बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातलेला, आणि बापू स्वतः आता कोरडवाहू शेती करत. ते शाळेत गेलेच नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, "बापू, तुमाला काय पाठ हाय?" बापूंनी विचार केला आणि त्यांनी आयुष्यात पाळलेल्या बैलांची नावं घेतली. हिरा, मोती, सरदार, काळ्या, वाघ्या, एकामागून एक. पहिल्या दिवशी नऊ बैल झाले आणि दम लागला.

हे बापू खरं तर आमच्या वर्गात बसायला पात्रच नव्हते. त्यांना बरोब्बर पस्तीस पडले होते. हैदराबादहून रिपोर्ट घेऊन आले तेव्हा त्यांच्या थोरल्या लेकाने तो माझ्यापुढे धरला. "सर, तुमी मास्तर हायसा. पस्तीस म्हंजे पास न्हवं का?"

"पास," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वीस वर्षं तेच म्हणत आलो होतो.

पुढच्या बुधवारी त्या लेकाने पेढे आणले. बापू नवं धोतर नेसून आले होते. "शाळंचं तोंड न्हाई पाह्यलं म्या," ते प्रत्येकाला सांगत होते, "अन् पास झालो!" मी डॉक्टरांकडे बघितलं. आता ते खरं काय ते सांगणार, या पस्तिसात आनंद मानण्यासारखं फारसं नाही हे समजावणार, असं मला वाटलं. डॉक्टरांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "काठावर पास हाय बापू. वर्गात येत जा."

डॉक्टरांचा एक विचित्रपणा मला फार खटकायचा. ज्यांना चांगले मार्क पडले आहेत त्यांना ते दोन मिनिटांत हाकलून देत. "तुमाला काय धाड भरलीय? जा घरी." मोठे मोठे लोक दुखावले जात. आणि ड तुकडीतला एखादा बुधवारी आला नाही, की गुरुवारी सकाळी डॉक्टर त्याच्या दारात. एकदा घटक चाचणी होती म्हणून मी बुधवार बुडवला. गुरुवारी दुसऱ्या तासाला मी आठवीच्या वर्गात प्रश्नपत्रिका वाटत होतो, तर दारात डॉक्टर! पहिल्या एसटीने आले होते. पोरांसमोर त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली आणि अंगठा दाबला. पोरं श्वास रोखून बघत होती. माझा सगळा दरारा त्या खड्ड्यात गेला.

मी बाहेर येऊन त्यांच्यावर चिडलो. "एवढ्या लांब यायची गरज काय होती? तिकडे दवाखान्यात माणसं ताटकळत असतील."

"ती साठ मार्कवाली हायत. ती थांबतेत," ते म्हणाले. "तो कॅमेरा कशाला असतो, तुमाला काय वाटतं? कोण कधी मरंल ते सांगायला? माझा डोळा कुणावर पाह्यजे, तेवढं तो सांगतो. हुशार पोराला मास्तर कशाला लागतो वो? मास्तर असतो तो नापासासाठी."

हे ते सहज बोलून गेले. माझ्या वर्गात नापास पोरं शेवटच्या बाकावर बसत आणि त्यांच्याकडे बघायला मला वेळ नसे.

नाईकबापू वर्गात आठ महिने आले. नवावरून चौदा बैलांपर्यंत गेले. पायांवरची सूज उतरली. आम्हा सगळ्यांत त्यांची तब्येत चांगली होती, मार्क सगळ्यांत जास्त होते. एका सोमवारी सकाळी औत सोडून विहिरीपाशी टेकले आणि बसल्या जागीच गेले.

त्या बुधवारी डॉक्टरांनी हजेरी घेतली. ओळीने नावं आली आणि बापूंचं नावही त्यांनी पुकारलं. आम्हाला वाटलं, ते आता पुढे जातील. ते पुढे गेले नाहीत. मान खाली घालून त्यांनी बापूंचे बैल म्हणायला सुरुवात केली. हिरा, मोती, सरदार, काळ्या, वाघ्या. आठ महिने दर बुधवारी ऐकून त्यांना ती नावं त्याच क्रमाने पाठ झाली होती. चौदाच्या चौदा बैल त्यांनी एका दमात म्हटले आणि मग हजेरीपटावर रेघ मारली. कनेरगावच्या आजी पदर तोंडाला लावून रडत होत्या.

वर्ग सुटल्यावर मी मागे थांबलो. मला भीती वाटत होती, ती मी स्पष्ट बोलून दाखवली. "पस्तीसवाला गेला. मी तर सत्तावीस."

"मास्तर, तुमी गणितातले. तुमाला हे म्या सांगायचं?" त्यांचा आवाज थकलेला होता. "शंभर पस्तीसवाले अन् शंभर सत्तावीसवाले घेतले, तर सत्तावीसवाल्यांतले जास्त जातेत, हे खरं. पर बापू शंभर न्हवते. एक होते. तुमीबी एकच हायसा."

"म्हणजे माझं काय?"

"बघू."

वर्षभराने डॉक्टरांनी मला पुन्हा हैदराबादला पाठवलं. त्या वर्षात मी एक चिमूट वरचं मीठ खाल्लं नव्हतं. आमच्या हिने सगळ्या घरालाच अळणी करून टाकलं होतं. मुलगी मैत्रिणीकडे जाऊन लोणचं खाऊन यायची आणि तोंड धुऊन घरात यायची. गोळ्यांची एक वेळ चुकली नव्हती. तेराचा पाढा मी आता तेरा दाहे एकशे तीसपर्यंत एका दमात न्यायचो. या खेपेला मी पास होणार याची मला खात्री होती.

चौतीस पडले.

मी तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. "एका मार्काने गेलो!"

सत्ताविसाचे चौतीस झालेले बघून त्यांनी टेबलावर ताल धरला. माझं तोंड बघून ताल थांबला. "चौतीसवाल्याचं तुमी शाळेत काय करता?"

"नापास," मी म्हणालो. हा माझा अभिमानाचा विषय होता. मी कधी कुणाला ग्रेस मार्क दिला नाही. पोरांचे आईबाप दारात येऊन बसत. चौतीस म्हणजे चौतीस, एवढंच उत्तर त्यांना मिळे.

"पेपर परत तपासता?"

"नाही. एकदा तपासला की तपासला."

"असं हाय मास्तर, ते यंत्र लाखमोलाचं. पर तुमाला त्याच्याखाली आज निजवलं तर चौतीस, उद्या सदतीस, परवा एकतीस. दोन-चार मार्क इकडंतिकडं त्याचे सोताचेच असतेत. तुमचा लाल पेन त्या यंत्राहून बराबर हाय व्हय?"

मी खिशाला लावलेल्या लाल पेनकडे बघितलं.

"मला नववीला गणितात तेहतीस होते," डॉक्टर म्हणाले. "बापानं शाळा सोडवून मोंढ्यात कामाला लावायचं ठरवलं होतं. आमच्या मास्तरनं पेपर परत काढला, परत बेरीज केली, छत्तीस निघाले. ग्रेस न्हाई दिला त्यांनी. फक्त परत पाह्यलं. न्हाईतर आज म्या ह्याच काट्यावर हळद मोजून राह्यलो असतो."

त्या वर्षी वार्षिक परीक्षेनंतर मी तेहतीस-चौतीसचे सगळे पेपर पुन्हा काढले. सात होते. त्यांतल्या दोघांवर मी अन्याय केला होता. एकाचं उत्तर पुरवणीच्या मागच्या पानावर होतं आणि ते मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्याच्या पेपरात बेरीजच चुकली होती. गणिताच्या मास्तरची बेरीज! त्याआधीच्या वीस वर्षांत असे किती गेले असतील, याचा हिशोब मी अजूनही मनातून काढू शकलेलो नाही.

डॉक्टर पुढे काही वर्षांनी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या हृदयाचे मार्क कुणी कधी मोजले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय बघण्यात त्यांचे स्वतःचे पाय बघायचे राहून गेले, असं गावात सगळे म्हणाले. तेराव्याला पंगत बसली तेव्हा मीठ वाढायला कुणी पुढे होईना. शेवटी ती वाटी मी घेतली. आपण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो. मला त्या माणसाच्या न वाढलेल्या मिठाला जागायचं होतं. ओळीतून जाताना मी दोन जणांना ओलांडून पुढे गेलो.

पंगती उठल्यावर काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, मला आत बोलावलं आणि हजेरीपट माझ्या हातात दिला. "तुमालाच द्या म्हणले होते. म्हणायचे, हजेरी घेणं मास्तरलाच जमंल."

घरी येऊन मी तो उघडला. शेवटच्या रकान्याच्या टाचण्या गंजल्या होत्या. माझ्या अभ्यासक्रमात नाही म्हणून सांगितलेला तो रकाना मी पहिल्यांदा उलगडला. वर लिहिलं होतं, 'अंदाज'. खाली प्रत्येक नावापुढे, ज्या दिवशी नाव घातलं त्या दिवशीच्या शाईने, बारीक अक्षरात डॉक्टरांचा अंदाज होता. नाईकबापूंच्या पुढे 'पाच वर्षं तरी'. त्याखाली लाल पेनने लिहिलं होतं, 'डॉक्टर नापास'. पेन इतका दाबून धरला होता की कागद फाटला होता. कनेरगावच्या आजींपुढे 'सहा महिने'. त्या चार वर्षं ओव्या म्हणत होत्या. तिथे चारदा लिहिलं होतं, 'डॉक्टर नापास'.

मग माझं नाव. सत्तावीस मार्क. पाढा पाच. अंदाज : 'दीड वर्ष'.

मी समोर बसलो होतो तेव्हा लिहिलेलं होतं ते. माझ्याकडे बघून 'बघू' म्हणाले आणि खाली मान घालून दीड वर्ष लिहिलं. त्यांनी ते तेव्हा मला सांगितलं असतं, तर मी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजलो असतो, आणि दीड वर्षही काढलं नसतं. मला माहीत आहे मी कसा आहे.

दीड वर्षाच्या आकड्यावर एक आडवी रेघ होती आणि खाली लाल अक्षरात 'डॉक्टर नापास'. पुढच्या वर्षी पुन्हा 'डॉक्टर नापास'. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. अक्षर दर वर्षी मोठं होत गेलं होतं. शेवटचं तर रकान्यात मावत नव्हतं, शेजारच्या ओळीत घुसलं होतं. एवढ्या हौसेने नापास झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमची ही शेजारी उभी होती. तिने ते वाचलं आणि देवघरात निघून गेली. मी हजेरीपट मांडीवर घेऊन रडलो, आणि रडताना मला हसू येत होतं.

मुलीचं लग्न झालं. मी निवृत्त झालो. शेडमधला वर्ग आता भरत नाही, पण वजनकाटा काकूंकडून मागून आणून मी आमच्या न्हाणीच्या दाराशी ठेवला आहे. रोज सकाळी त्यावर उभा राहतो, आकडा बघतो आणि तेराचा पाढा म्हणतो. दहावर पोचलो की स्वतःशीच म्हणतो, हजर.

ज्या बुधवारी माझं नाव त्या पटावर चढलं, तो बुधवार दर वर्षी येतो. त्या दिवशी मी लाल पेन काढतो, माझ्या नावापुढे 'डॉक्टर नापास' असं ठळक अक्षरात लिहितो आणि तारीख घालतो. रकान्यात जागा उरली नाही, म्हणून यंदा मी खाली नवा कागद डकवला आहे.